स्टुलावरची जबानी

काकांच्या दुकानात औषध उभ्याने मिळत नसे. भोरच्या बाजारपेठेत त्यांचं मेडिकल होतं आणि काउंटरच्या पुढे एक लाकडी स्टूल होतं. चिठ्ठी पुढे केली की काका चष्मा कपाळावर चढवायचे, चिठ्ठी नाकाला लागेल इतकी जवळ धरून वाचायचे आणि म्हणायचे, "बसा." खोकल्याचं औषध असेल तर दोन प्रश्नांत सुटका व्हायची. झोपेची, फिटची किंवा मनाच्या आजाराची गोळी असली तर मात्र पुढची एसटी चुकली असं धरून चालायचं. वेल्ह्याकडची माणसं भोरला निघाली आणि कुणी "कुठं?" म्हणून विचारलं, तर सांगायची, "जबानी द्याया."

मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला नऊ वर्षं काढली. माझ्याकडे डिप्लोमा होता, पण स्वतःचं दुकान टाकायची धमक नव्हती. तेव्हा मी काकांकडे लागलो आणि मनात त्यांना रोज हसत राहिलो.

हसण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांना स्वतःला डोकेदुखी झाली तर ते काउंटरमागून बाहेर येत, त्याच स्टुलावर बसत आणि स्वतःची जबानी घेत. "पोटात जळजळ? नाही. सकाळपासून काही खाल्लंय? पोहे. दुसरी कुठली गोळी? रक्तदाबाची, सकाळी." मग उठून आत येत आणि अर्धी गोळी घेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस कामातून गेलेला आहे. तिसऱ्या महिन्यात मी घरी त्यांची नक्कल करून दाखवायला लागलो. आईला ती फार आवडायची. "त्या काकांचं कर की," म्हणायची.

दुकानात मनाच्या आजारावरची एक गोळी होती, तिच्यावर तर त्यांचा विशेष डोळा. दोन औषधं एकाच गोळीत होती: एक उदासीसाठी आणि एक भलतेसलते आवाज ऐकू येतात, भलतेसलते संशय येतात त्यासाठी. काका म्हणायचे, "दोन औषधं म्हणजे दोघांचे स्वभाव सांभाळायचे." मग प्रश्न सुरू व्हायचे. डोळ्यांत काचबिंदू सांगितलाय का? दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का? लघवी अडते का? हृदयाचा त्रास? फिट येते? उठताना चक्कर? दारू किती? खरी किती? दुसऱ्या गोळ्या, झाडपाला, काढे? घरात लक्ष ठेवायला कोण आहे? आणि शेवटी, बद्धकोष्ठाबद्दल विचारावं तितक्याच साध्या आवाजात, "मरावंसं वाटतं का?"

मला ही यादी आरतीसारखी पाठ होती. आजही आहे, आणि तीच माझी शिक्षा आहे.

एकदा गडाखालच्या पालीचा एक गृहस्थ आला. गडावर येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालायचा, बोलायला तरतरीत. त्याच्या भावाला ही गोळी चालू होती. भावाला शांत झोप लागते आणि आपल्याला लागत नाही, हे काही त्याला सहन होईना. रिकामं पाकीट काउंटरवर टाकून म्हणाला, "असलीच द्या, मला."

"बसा," काका म्हणाले. पाचव्या प्रश्नाला कळलं की गेल्याच वर्षी त्याच्या हृदयात स्प्रिंग बसवली होती.

"आवं, ते हृदयाचं झालं. ह्ये डोक्याचं हाय. दोन्हींचा काय संबंध?"

"मधे फक्त मान असते हो," काका म्हणाले आणि पाकीट परत केलं.

तो तरातरा निघून गेला. जाताना दारातून सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं बोलला की म्हाताऱ्याला औषध विकायचंच नसेल तर भजी विकावीत. काकांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "भजी तळताना काय काय विचारावं लागेल रे?" मला वाटलं ते विनोद करतायत. ते खरोखर विचार करत होते.

रिकामं पाकीट पाठवायची ही रीत आमच्याकडची जुनी. डोंगरातून भोरला यायचं म्हणजे एक अख्खा दिवस मोडतो, म्हणून संपलेल्या गोळ्यांचं पाकीट कंडक्टरच्या नाहीतर दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हाती द्यायचं आणि संध्याकाळपर्यंत भरलेलं मागवायचं. त्यात मनाच्या गोळ्या असल्या तर आणखी एक गंमत. पाकिटावरचं गोळीचं नाव ब्लेडने खरवडलेलं असायचं. कंडक्टर शेजारच्या गावचा, त्याला वाचता येतं, आणि त्याने वाचलं तर चार दिवसांत वेल्ह्यापर्यंत बोभाटा. नाव खरवडलेलं पाकीट आलं की काका गोळी देत नसत. प्रश्नांची चिठ्ठी लिहून कंडक्टरच्या हाती द्यायचे. उत्तरं दुसऱ्या दिवशी यायची, त्यावर काकांचे आणखी दोन प्रश्न जायचे. कंडक्टर कातावला होता. "काका, मी तिकिटं फाडू का तुमचं टपाल वाहू?" काका त्याला चहा पाजायचे आणि चिठ्ठी द्यायचे.

डॉक्टर लोकांनाही ते नकोसे झाले होते. एका डॉक्टरांनी फोनवर सुनावलं, "डॉक्टर मी की तुम्ही?" काका म्हणाले, "तुम्हीच. म्हणून तर तुम्हाला विचारतोय." तिकडून फोन आपटल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला. दहा मिनिटांनी त्याच डॉक्टरांचा परत फोन आला आणि गोळी बदलली. काकांनी विजयाबिजयाचा काही चेहरा केला नाही. ते म्हणाले, "गोळी चांगली की वाईट हे गोळीला माहीत नसतं. ते माणसाला विचारावं लागतं." हे वाक्य ते महिन्यातून चारदा तरी म्हणत आणि मी प्रत्येक वेळी मनात डोळे फिरवत असे.

एकदाच मी हसलो नव्हतो. कॉलेजातली एक मुलगी ही गोळी घ्यायला एकटी आली होती. शेवटच्या प्रश्नाला ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "कधी कधी." असं बोलू नये, देवाचं नाव घे, चांगलं चाललंय की सगळं, असलं काहीतरी मी बोलून गेलो असतो. काका म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." तिला पाणी दिलं, तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, तिच्या मामाला बोलावून घेतलं आणि मामाच्या हाती फक्त आठवड्याच्या गोळ्या दिल्या. "सुरुवातीचे आठवडे हिला एकटीला सोडायचं नाही. आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करायचं नाही." पुढे कितीतरी सोमवार ती मामाबरोबर येत राहिली आणि स्टुलावर न सांगता बसायला लागली.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आई गुंजवण्याला, थोरल्या भावाकडे असायची. वडील गेले त्यानंतरच्या वर्षी ती गप्प झाली. आधी आम्हाला वाटलं, वय झालं. मग जेवण सुटलं. मग ती गोठ्यामागे बसून राहायला लागली आणि वहिनीला सांगायला लागली की भिंतीतनं जाऊबाई बोलते, जेवणात काहीतरी घालते. ही जाऊबाई, म्हणजे माझी चुलती, वारून दहा वर्षं झाली होती. नेमकं त्याच वेळी माझ्या पुतणीचं लग्न शिवऱ्याला जमत होतं. रस्त्यालगतचं घर, मुलगा कामावर, माणसं बरी. पाहुणे महिन्याभराने घर बघायला येणार होते. घरात आजी भिंतीशी बोलते हे त्यांना दिसलं असतं तर पुढचं सांगायला नको.

मी सुट्टी काढून आईला पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. काकांना सांगितलं, लग्नाच्या खरेदीला जातोय.

डॉक्टर भले होते. बाहेर माणसांची रीघ असूनही त्यांनी आईला नीट विचारलं. आई बोलेना, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "दुसरा काही आजार? हृदय, डोळे, लघवी?"

आता हे ऐका. दोन वर्षांपूर्वी गावात डोळ्यांचं शिबिर झालं होतं. त्यांनी आईला एक कार्ड दिलं होतं. काचबिंदूचा धोका आहे, मोठ्या दवाखान्यात तपासून घ्या, असं त्यावर लिहिलं होतं. वहिनीने ते माझ्या हातात दिलं होतं, कारण घरातला औषधांतला शहाणा मीच. ते कार्ड भोरला माझ्या खोलीत, टेबलाच्या खणात पडून होतं.

मी डॉक्टरांना म्हणालो, "नाही, काही नाही."

त्या वेळी आठवलं नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. भावाला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलं. आठवलं होतं. कार्डाचा पिवळा रंगसुद्धा आठवला होता. पण डोळे म्हटलं असतं की डॉक्टरांनी आधी डोळे तपासून आणायला लावलं असतं, म्हणजे आणखी दोन खेपा, आणखी सुट्ट्या, आणि पाहुणे तर येऊन ठेपलेले. आधी गोळी सुरू होऊ दे, डोळ्यांचं लग्नानंतर बघू, असा मी हिशेब केला. नऊ वर्षं दुसऱ्यांना जो प्रश्न विचारताना ऐकला, तो माझ्यावर आला तेव्हा मी पालीच्या त्या गृहस्थापेक्षाही वाईट निघालो. तो निदान खरं बोलून भांडला होता.

चिठ्ठीवर तीच दोन औषधांची गोळी होती. दवाखान्याखालच्या दुकानात घेतली. तिथल्या माणसाने मान वर न करता पाकिटं पुढे सरकवली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पण पाकिटावर नाव होतं. वहिनीला वाचता येत होतं, पुतणीलाही येत होतं, आणि घरात चार बायका येऊन-जाऊन. मग मी खोलीवर बसून सगळ्या गोळ्या पाकिटातून काढल्या, पित्ताच्या गोळ्यांच्या एका रिकाम्या बाटलीत भरल्या आणि वर कागद चिकटवून ठळक अक्षरांत लिहिलं, 'पित्त. रात्री एक.' अक्षर मी काकांसारखंच काढलं होतं, मोठं, लाल-निळ्या पेन्सिलीने. काकांची एवढी एकच गोष्ट मी त्या दिवसापर्यंत शिकलो होतो.

गोळी लागू पडली, हेही सांगायला हवं. औषधाला दोष देण्यात अर्थ नाही. तीन आठवड्यांत आई जेवायला लागली. भिंत गप्प झाली. पाहुणे आले तेव्हा आईने डोक्यावर पदर घेऊन त्यांना चहा दिला आणि मुलाच्या आईला विचारलं, "तुमच्याकडं भात कंचा लावत्यात?" सुपारी फुटली. मी कृतकृत्य झालो.

सोमवारी दुकानात काकांनी विचारलं, "आई कशी आहे?"

"छान आहे."

"गोळ्या काही चालू आहेत का?"

"पित्ताच्या."

"कुठल्या?"

मी फळीवरचं एक नाव सांगून टाकलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चिठ्ठी वाचावी तसं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "एकदा घेऊन ये तिला." मी हो म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात आईचं डोकं दुखायला लागलं. उजव्या डोळ्यापासून कपाळापर्यंत ठणका आणि उलट्या. घरी वहिनी होती. डोकं दुखतं, उलटी होते, म्हणजे पित्त. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि पित्ताची बाटली तर फळीवर होती, भावजींनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. वहिनीने एक गोळी जादा दिली. उतार पडेना म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक. मला फोन केला तेव्हा आई म्हणत होती की उजवीकडे नुसतं धुकं दिसतंय.

"भावजी, म्या पित्ताची गोळी दोनदा दिली," वहिनी फोनवर सांगत होती. "तरी उतार न्हाई. आजून येक देऊ का?"

मी दुकानात उभा होतो. काका समोर कुणाला तरी विचारत होते, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का. मी फोनमध्ये ओरडलो की काही देऊ नका, आणि काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर पडलो. काकांना तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "बाटलीवर काय लिहिलंयस?" मी सांगितलं. ते म्हणाले, "गाडी कर. आधी डोळ्यांचा दवाखाना. गोळीचं खरं नाव जाताना फोनवर मनाच्या डॉक्टरांना आणि पोचल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांना, दोघांनाही सांग." खरं या शब्दावर त्यांनी जोर दिला नाही. द्यायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

उजवा डोळा गेला. गोळीने आत काचबिंदूचा दाब चढून दोन दिवस झाले होते. डाव्या डोळ्यात लेसरने आतल्या पाण्याला बारीक वाट करून तो वाचवला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आधी तपासून घेतलं असतं तर उजव्यालाही हेच पाच मिनिटांचं काम होतं.

लग्न झालं. थाटात झालं. आई काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसली होती आणि शिवऱ्याचे सोयरे म्हणत होते, आजीबाई झोकात आहेत. वहिनी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही आणि नंतरही कामापुरतंच बोलते. तिला मी किती वेळा सांगितलं की तुमची चूक नाही. ती म्हणते, "ते मला ठाव हाय. पर हात माझा व्हता."

काका आता दुकान चालवत नाहीत. गुडघे गेले, मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला, आणि त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. मी शिवऱ्याला, हायवेच्या कडेला, एका मोठ्या मेडिकलमध्ये आहे. स्टूल मी काकांकडून मागून आणलं होतं. मालकाने दुसऱ्याच दिवशी ते आत ठेवायला लावलं, रांगेला अडचण होते म्हणून. मी उभ्या माणसालाच विचारतो. मागचे ओरडतात, "आवं, गोळी द्या की, लगीन जमवताय का?" मी विचारत राहतो. कसला डोंबलाचा उपयोग आता, असं रोज मनात येतं, तरी विचारतो.

पण मला सांगायचंय ते त्या सकाळचं. आईचा डोळा गेल्यावर दोन महिन्यांनी मी तिला काकांच्या दुकानात नेलं. दोन्ही डॉक्टरांनी आपसांत बोलून औषध बदललं होतं. नवी चिठ्ठी माझ्या हातात होती. दुकानात गर्दी होती, आमच्या गावचे दोघंजण होते, आणि काउंटरला टेकून कंडक्टर चहा पीत होता. काकांनी मला आत जाऊ दिलं नाही. "आज तू गिऱ्हाईक," म्हणाले. आईला म्हणाले, "बसा."

आई बसली आणि काकांनी पहिल्यापासून सुरुवात केली. एकही प्रश्न गाळला नाही. आई पदर सावरून, शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसून उत्तरं देत होती. लघवी बरी हाय. चक्कर कवातरी. दारू? या बया, न्हाई.

"दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं का?"

"दिसायचं की. लई दिस. इंद्रधनुष्यावानी."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"इचारलं कुणी?" आई म्हणाली. माझ्याकडे बघून नव्हे, काकांकडेच बघून, अगदी सरळ मनाने. "भाऊ, मला आजवर असं बसवून कुणी काय इचारलंच न्हाई. ह्यो घरी तुमची नक्कल करायचा. मला वाटायचं, येकदा जावं आन् खरीच जबानी द्यावी."

मी काउंटरची कड धरून उभा होतो. काका मला बोलतील, सगळ्यांदेखत सोलून काढतील, याची मी दोन महिने वाट पाहत होतो. त्यांनी गोळ्यांची बाटली पुढे ठेवली, कोरा कागद ठेवला, लाल-निळी पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "लिही."

मी गोळीचं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं, मनाच्या आजारासाठी. त्याखाली आईचं नाव.

"वाच," आई म्हणाली. "मला आता नीट दिसत न्हाई."

पहिल्यांदा मी नुसतंच पुटपुटलो. काका म्हणाले, "ऐकू आलं नाही." मग मी वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. गावच्या दोघांनी वळून पाहिलं.

"कुनाच्या गोळ्या ह्या?" कंडक्टरने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "माझ्या. मनाच्या हायेत."

"आमच्या मेव्हण्याला बी चालू हायेत," कंडक्टर म्हणाला आणि त्याने कप खाली ठेवला. "चला आजी, गाडी लागली. पुढची सीट धरून ठेवतो तुमाला."

आई उठली, बाटली तिने कनवटीला लावली आणि त्याच्या मागोमाग निघाली. तिला लाज कधीच वाटली नव्हती. लाज माझी होती. दाराचा उंबरा तिला उजवीकडून दिसला नाही, ठेच लागली, तेव्हा कंडक्टरने तिचा हात धरला.